दूधगाडीचे काटे

दूधवाल्याच्या गाडीचं तंत्रच निराळं होतं. ती जितकी पळायची तितकी तिची टाकी भरत जायची. सकाळी निघताना डिझेलचा काटा तळाला टेकलेला असायचा आणि वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून गाडी परत फिरली की तोच काटा ऐटीत वर चढलेला. "अशी गाडी सगळ्यांना मिळो," असं दूधवाला चारचौघांत म्हणायचा आणि टाकीत काठी बुडवून डिझेल बघायचा. हिवाळाभर हे खपून गेलं. उन्हाळा लागला आणि एके दिवशी चढणीवर बॉनेटखालून भसाभसा वाफ आली. इंजिन उकळत होतं आणि तापमानाचा काटा मात्र थंडीत निजल्यासारखा खाली पडून होता. दूधवाला दुपारभर रस्त्याच्या कडेला बसून राहिला आणि कॅनमधलं सगळं दूध नासलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी मिस्त्रीच्या शेडसमोर आणून लावली.

"आणि दिव्यांचं तर विचारूच नका," तो म्हणाला. "दार उघडलं की डोक्यावरचा दिवा लागायला हवा ना? तर समोरचे काटे उजळतात. आणि अंधार पडला म्हणून पुढचे दिवे लावले की डोक्यावरचा दिवा लागतो. सगळा उजेड माझ्या टकलावर, समोरचे काटे दिसायचं नाव नाही."

मिस्त्री हसला नाही. तो शेडच्या खांबाला टेकून उभा होता. गाड्यांची वायरिंग करण्यात त्याची हयात गेली होती. आसपासच्या कुठल्याही गाडीचं काही पेटेनासं किंवा विझेनासं झालं की ती याच पत्र्याखाली यायची. पण हिवाळा सरता सरता त्याची बायको गेली आणि तेव्हापासून त्याच्या हातून एकही काम तडीस गेलं नव्हतं. दोन गाड्या उघड्या पोटाने परत गेल्या होत्या. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण बाजारच्या रस्त्याला एकाने नवं दुकान काढलं होतं, पाटीवर कॉम्प्युटरचं चित्र होतं, आणि गाड्या आता शेडवरून सरळ तिकडे जात होत्या.

"झेपेल ना, मिस्त्री?" दूधवाल्याने विचारलं. "नाहीतर मी आपला त्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेतो. राग मानू नका."

"किल्ली ठेवून जा," मिस्त्री म्हणाला.

त्याने असं तुटक बोलायला कारण होतं. आदल्या रविवारी मुलगा येऊन गेला होता. तो शहरात कारखान्यात कामाला होता आणि आता त्याला राहायला चांगल्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. जेवता जेवता तो म्हणाला होता, "बाबा, शेडला कुलूप लावू आणि तुम्ही चला आमच्याबरोबर. इथं नुसतं बसून काय करणार?"

"बसून कशाला? काम आहे."

"काम कुठंय? आई गेल्यापासून एक गाडी तरी पुरी केलीत का?"

मिस्त्रीने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. मुलगा वाईट नव्हता. त्याला वाटत होतं, बाप दुःखाने खचलाय. शेवटी तोच म्हणाला होता, "बरं, एक करा. एक गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं करून दाखवा. मग मी पुन्हा विषय काढणार नाही." सून चुलीपाशी पाठमोरी बसून ऐकत होती. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून नवरा शहरात आणि ती इथे असंच चाललं होतं. सासऱ्याने हो म्हणायची ती वाट बघत होती आणि हे मिस्त्रीला कळत होतं.

कळत नव्हतं ते मुलाला. खरी गोष्ट अशी होती की मिस्त्रीला रंग दिसत नसत. म्हणजे निळं-पिवळं दिसे. पण तांबडा, हिरवा, तपकिरी हे सगळे त्याच्या डोळ्यांना एकाच चिखलातून काढल्यासारखे. जन्मापासूनच असं होतं आणि लग्नापर्यंत ते त्याला स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी बायको शेडवर डबा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हिरवी तार तांबडीला का बांधताय?" त्याला वाटलं, चेष्टा करतेय. तिने त्याला अंगणातली पिकलेली आणि कच्ची मिरची दाखवून विचारलं, आणि त्याचं उत्तर ऐकून ती हसायची थांबली. दुसऱ्या दिवसापासून ती घरचं आवरून शेडवर येऊन बसू लागली. बसायला उलटी घातलेली लाकडी पेटी. तो डॅशबोर्डाखाली डोकं घालून तार बाहेर काढायचा आणि विचारायचा, "ही कोणती गं?" ती रंग सांगायची. मिस्त्रीला बायकोशिवाय करमत नाही म्हणून लोक टिंगल करायचे. तो करू द्यायचा. रंग न दिसणारा वायरिंगवाला म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं होतं.

आता पेटी तिथेच होती. तिच्यावर पाने आणि स्क्रू ठेवायलाही त्याचा हात धजत नसे.

पहिला दिवस डॅशबोर्ड उघडण्यात गेला. गाडी इतकी जुनी की स्क्रूंची डोकी गुळगुळीत झालेली. पत्रा तापून आत भट्टी झाली होती. मिस्त्री दारातून आत आडवा झाला, पाय बाहेर, मान पेडलशी मुडपलेली. घाम कपाळावरून उलटा डोळ्यांत जात होता. काट्यांची पाटी सुटून त्याच्या छातीवर आली आणि तिच्यामागून तारांचा झुबका लोंबला. मातकट, मातकट, काळी, मातकट, निळी. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या अक्कलहुशारीने तारेला हात न लावता जमतं का ते पाहिलं. जुन्या गाडीचे काटे आणि दिवे एकदम वेड्यासारखे वागायला लागले की बहुतेक वेळा त्या पाटीची अर्थिंग खराब झालेली असते; बॉडीला जोडलेली तार गंजते आणि करंटला परतायला वाट राहत नाही. त्याने बॅटरीपासून एक लांब तार आणून पाटीच्या मागे लावली. किल्ली फिरवली. काही फरक नाही. दोन्ही काट्यांना मोजका करंट देणारी डबी असते, ती काढली, घासली, टेस्ट लॅम्प लावून पाहिला. डबी ठणठणीत. संध्याकाळी गिरणीवाला आपला टेंपो घेऊन समोरून गेला. त्याने टेंपो थांबवला, उघडी गाडी बघितली, "चालू द्या, चालू द्या," म्हणाला आणि पुढे गेला. त्या बोलण्यात कीव होती. मिस्त्रीला रात्रीचं जेवण गेलं नाही. सुनेने ताट उचलताना विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "ऊन लागलं असेल."

सून आणि तो एका घरात राहायचे, पण दोघांत बोलणं असं नव्हतं. चहा झाला की ती शेडच्या दारातल्या स्टुलावर ठेवून जायची. त्याने कप रिकामा करून तिथेच ठेवायचा. सासू असताना सगळं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं.

तिसऱ्या दिवशी त्याने इंजिनाकडून सुरुवात करायची ठरवली. इंजिनात पाणी तापल्याचं कळवणारा एक छोटा बुटका नट असतो. त्याच्यावरची तार काढायची आणि बॉडीला टेकवायची. टेकवली की आत तापमानाचा काटा झटकन वर गेला पाहिजे. साधी गोष्ट. किल्ली चालू करून तो बॉनेटखाली वाकला, तार काढली, पत्र्याला टेकवली.

"हलला का गं?" त्याने मोठ्याने विचारलं.

वर पत्र्यावर चिमण्या चालत होत्या. पाठीमागच्या कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. तो तार टेकवून तसाच वाकून राहिला. उत्तर येणार नाही हे त्याला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावरही हात हलेना. इतके दिवस तो रडला नव्हता. आता बॉनेटखाली, दूधवाल्याच्या उकळलेल्या इंजिनावर डोकं ठेवून तो रडला.

"हलला," आतून आवाज आला.

तो दचकून उभा राहिला आणि डोकं बॉनेटला आपटलं. ड्रायव्हरच्या सीटवर सून बसली होती. ओले हात, पदर खोचलेला, पायांना वाफ्यातला चिखल.

"मला वाटलं, मला हाक मारलीत," ती म्हणाली. मग ओशाळून तिने काट्याकडे बोट केलं. "हलला, पण डिझेलचा."

"तापमानाचा."

"नाही बाबा. ज्याच्यावर पंपाचं चित्र आहे तो. तापमानाचा जागचा हलला नाही."

त्याने तार काढली, पुन्हा टेकवली. "आता?"

"आताही डिझेलचाच. एकदम शेवटाला गेला."

मिस्त्री हातातली तार धरून उभा राहिला. म्हणजे इंजिनाची तार डिझेलच्या काट्याला गेली होती आणि टाकीची तापमानाच्या काट्याला. गाडी तापली की डिझेल वाढतंय, डिझेल संपत आलं की इंजिन थंड. दूधवाल्याचं सगळं रडगाणं एका क्षणात सरळ झालं. त्याला बरं वाटलं. कित्येक दिवसांनी डोक्यातलं यंत्र फिरलं होतं.

"कुणा गाढवानं जोडल्यात या तारा?" तो बोलला आणि आत येऊन पुन्हा आडवा झाला. डॅशबोर्डाच्या मागे, झुबक्याच्या मधोमध, चार जोड होते. काळी टेप तिरकी गुंडाळलेली आणि शेवटचं टोक आत दुमडलेलं. टेपचं टोक आत दुमडणारा माणूस या मुलखात एकच होता.

त्याने त्या दुमडलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग आठवलं. हिवाळ्याच्या तोंडाला दूधवाला गाडी घेऊन आला होता. उंदरांनी डॅशबोर्डामागे घर केलं होतं आणि तारा कुरतडल्या होत्या. त्याने जोडल्या होत्या. डोक्यावरच्या दिव्यात तेव्हा बल्बच नव्हता आणि भर दिवसा काट्यांमागचा उजेड कोण बघतो? किल्ली फिरवली, दोन्ही काटे हलले, काम झालं. बायको पेटीवर बसली होती.

"तू अजून आहेस का गं, पोरी?" त्याने आतून विचारलं.

"आहे की."

त्याने पहिल्या जोडाची टेप सोडवली आणि तारा पुढे केल्या. पुढचा प्रश्न त्याने उभ्या आयुष्यात बायकोशिवाय कुणाला विचारला नव्हता. "ही कोणती?"

"कोणती म्हणजे?"

"रंग कोणता?"

सुनेने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग तारेकडे. "इकडची हिरवी. तिकडची तपकिरी. हिरवीला तपकिरी जोडलीय, बाबा. आणि या शेजारच्या जोडात उलटं." ती थांबली. "तुम्हाला दिसत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. ती सांगायची."

सून गाडीतून उतरली आणि पेटीवर जाऊन बसली. एरवी कुणी तिथे बसलेलं त्याला चाललं नसतं; आज चाललं.

"मला वाटायचं, घरातल्या कामातून सुटका म्हणून आई इथं येऊन बसतात," ती हळूच म्हणाली. "मनात बोलसुद्धा लावायचे मी त्यांना." मग तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. "बाबा, पण त्यांनाही दिसत नव्हतं."

"काय?"

"डोळ्यांत सायीसारखं काहीतरी आलं होतं. गेल्या वर्षभरात सुईत दोरा मीच ओवून द्यायचे. डाळ निवडली तर खडे तसेच. एकदा तुमचा सदरा म्हणून माझ्या नवऱ्याचा सदरा घडी करून ठेवला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तर म्हणाल्या, 'यांना कळू देऊ नकोस. कळलं तर मला शेडवर येऊ देणार नाहीत. मग ते एकटे पडतील.' शपथ घातली होती मला."

मिस्त्री गाडीच्या पायरीवर बसला. वर्षभर ती रंग सांगत होती आणि तो जोडत होता. गिरणीवाल्याचा टेंपो. ट्रॅक्टर. शाळेच्या मुलांची गाडी. त्याला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. या सगळ्या गाड्या आंधळ्या हातांनी जोडलेल्या होत्या आणि रस्त्यावर पळत होत्या.

तो तसाच उठून गिरणीवर गेला. सून मागोमाग. गिरणीवाल्याला काहीबाही कारण सांगून त्याने टेंपोचा डॅशबोर्ड खाली घेतला. टोक आत दुमडलेले सगळे जोड सोडवले आणि एकेक सुनेपुढे धरला.

"तांबडीला तांबडी," ती सांगत गेली. "हिरवीला हिरवी. ही तपकिरी, ही पण तपकिरी. बरोबर. बरोबर आहे. हेही."

शाळेच्या गाडीचंही तेच. एकही जोड चुकलेला नव्हता.

परत येताना दोघं पायवाटेने चालत होती. कापणी झालेल्या शेतांत उन्हाशिवाय काही नव्हतं. सुनेने विचारलं, "दिसत नव्हतं तर मग त्यांनी रंग सांगितले कसे?"

मिस्त्री चार पावलं पुढे गेला आणि थांबला.

गेल्या वर्षी कधीतरी तिने एक नवीनच सवय लावून घेतली होती. तो विचारायचा, "ही कोणती गं?" आणि ती लगेच रंग न सांगता उलट विचारायची, "कुठून येते ही?" मग तो सांगायचा. ही बॅटरीकडून, ही दाराच्या बटणापासून, ही टाकीकडून. ती जरा थांबायची आणि म्हणायची, "मग तांबडी," नाहीतर, "मग हिरवी." इतकी वर्षं तारांत तिला काडीचा रस नव्हता, नुसते रंग सांगायची आणि शेंगा सोलायची. म्हातारपणी हिला कामाची गोडी लागली म्हणून तो खूश झाला होता. कामं थांबवून तिला सगळं समजावून द्यायचा. कुठल्या कामाला कुठला रंग, ही इकडून का जाते, ती तिकडून का. एकदा तिला म्हणालाही होता, "आधी विचारायचं होतंस, तुला मिस्त्री केलं असतं." ती किती हसली होती.

"ती मलाच विचारून मलाच सांगत होती," तो म्हणाला.

"मग या गाडीत कशी चुकली?"

"ती नाही चुकली." तो पुन्हा चालू लागला. "तिने विचारलं, कुठून येते ही. मी म्हटलं, पत्र्याच्या वरच्या भोकातून आलीय म्हणजे इंजिनाकडून. माग काढत गेलो नाही. जुनी गाडी, मागे कधीतरी कुणीतरी वरच्या भोकाच्या तारा खालच्या भोकातून आणि खालच्या वरून घेतल्या असणार, दिव्यांच्यासुद्धा. तिला मी चुकीचं सांगितलं."

शेडवर आल्यावर सून पेटीकडे निघाली. तो म्हणाला, "काट्यांचं तू सांगितलंस. दिव्यांचे दोन जोड राहिलेत, ते मी करतो. तू जा."

"मी बसते ना."

"जा. वाफा भरून वाहत असेल."

काट्यांचे दोन जोड त्याने तिने सांगितलेल्या रंगांप्रमाणे बदलले, मग टेस्ट लॅम्प घेतला. दाराच्या बटणापासून निघणारी तार बोटांनी धरली आणि तिच्यामागे गेला. पायदानाच्या पट्टीखालून, भोकातून, झुबक्यात, जोडापर्यंत. टोकाला दिवा लावला, दार उघडलं, दिवा लागला. दार लावलं, विझला. म्हणजे हीच. आधी जे एका शब्दात व्हायचं त्याला दुपार गेली. पाठीची कमान झाली, पट्टीने बोट कापलं. चौथा जोड पुरा करून त्याने सुनेला हाक मारली. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"तांबडीला तांबडी," ती म्हणाली. "पोपटीला पोपटी. तुम्ही कसं केलंत?"

"मोठ्या माणसाकडून शिकलो."

दूधवाला आला तेव्हा दार उघडल्यावर त्याच्या टकलावर उजेड पडला आणि त्याला फार आनंद झाला. "झालं काय होतं?" त्याने विचारलं. मिस्त्री म्हणाला, "तारा मीच उलट्या जोडल्या होत्या. माझी चूक." दूधवाला म्हणाला, "वय झालं मिस्त्री तुमचं," आणि गाडी घेऊन गेला.

मुलाचा फोन आला तेव्हा सुनेने फोन सासऱ्याच्या हातात दिला. मुलाने विचारलं, "एकट्यानं केलीत?"

"निम्मी तुझ्या बायकोनं. निम्मी एकट्यानं."

"मग?"

"मग हिला घेऊन जा. माझी काळजी करू नको. करता येतं मला." त्याला वाटलं होतं, हे म्हणताना अभिमान वाटेल. तसं काही झालं नाही. "गेलं वर्षभर मीच करत होतो. कळलं नव्हतं मला, एवढंच."

मुलगा येऊन सुनेला घेऊन गेला. एसटी निघताना ती खिडकीतून म्हणाली, "बाबा, अडलं तर फोन करा. तार फोनसमोर धरा, मी रंग सांगेन." तो हो म्हणाला. बस वळणाआड गेल्यावरही तो तिथेच उभा राहिला, मग कुणीतरी विचारील म्हणून घरी आला. स्वतःचा चहा स्वतः केला आणि सवयीने स्टुलावर नेऊन ठेवला. तो कोण पिणार हे त्याला उशिरा आठवलं.

शेडमध्ये एक ट्रॅक्टर आलेला होता. त्याच्या काट्यांमागचे दिवे लागत नव्हते. मिस्त्री वाकला, झुबक्यातून एक मातकट तार बाहेर काढली आणि पेटीकडे न बघता हात मागे केला.

"कुठून येते ही?" त्याने विचारलं. तिच्यासारखंच, जरा थांबून, मान कलती करून.

मग तारेच्या मागे मागे बोट नेत त्याने स्वतःच नीट, शेवटपर्यंत सांगायला सुरुवात केली.